खडकी युद्धस्मशानभूमी भेटीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुण्यातील खडकी येथील युद्धस्मशानभूमीस अभिवादनासाठी जायचे ठरले आहे. गाडी शनिवारी रात्री ११ वाजता बेळगावहून निघेल. निपाणीकरांनी महामार्गावर थांबावे.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखभालीखालील या भूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाध्या असून, पहिल्या महायुद्धात भारतात मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या मूळ समाध्या जपणे शक्य राहिले नाही अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावेही तेथील स्मारकावर आहेत. अधिकारी व शिपाई असा भेद न करण्याचे आयोगाचे तत्त्व असल्याने दोघांच्या समाधीशिला सारख्याच असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच गावात असल्याने हेही सांगावेसे वाटते की, १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांची समाधी कोठेच नाही, केवळ तेथील कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. परक्या मातीत राहिलेल्यांची विचारपूस आपण करावी, ती यासाठीच.

माजी सैनिकांनी पदके लावावीत. नारळ, गुलाल, उदबत्ती आणू नये. साधी फुले पुरेत. समाध्यांवर बसून छायाचित्रे काढू नयेत, हे गतवेळच्या अनुभवावरून मुद्दाम लिहावे लागत आहे. नावे गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत.

— चिटणीस