हडपसरपासून सुरू झालेले वाचन : बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापू नये अशी आपली सूचना होती आणि ती पाळूनच हे पत्र लिहीत आहे. तरीही ते जाहीरपणे लिहावेसे वाटले, कारण निवृत्तीनंतर आपण आमच्या महानगरपालिकेच्या शाळेत दर गुरुवारी येऊन पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी जे काम उभे करून दिले, ते पाहायला आता आजूबाजूच्या शाळांमधले शिक्षक येतात, कपाटातल्या पेट्यांचे फोटो काढतात आणि हे साहित्य कुठे मिळते, असे विचारतात. साहित्य मिळण्याची पुण्यात काही अडचण नाही. अप्पा बळवंत चौकात बाराखडीचे तक्ते, अक्षरकार्डे, चुंबकाची अक्षरे हवी तेवढी मिळतात. आपण मात्र कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी एकच प्रश्न विचारला : हे हाताळून झाल्यावर मूल काय वाचणार? या प्रश्नाला उत्तर नसलेल्या कितीतरी सुबक वस्तू आपण बाजूला ठेवायला लावल्या, त्यांत काही माझ्या आवडीच्याही होत्या. आज आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या प्रश्नाबद्दल.

आमच्या वर्गात वाचनाची सुरुवात 'हडपसर' या शब्दाने होते, हे ऐकून पाहुण्यांना गंमत वाटते. आपण पहिल्याच आठवड्यात मुलांना येता-जाता दिसणाऱ्या पाट्या सांगायला लावल्या होत्या. पीएमपीएमएलच्या बसवर, दुकानांवर, रिक्षा थांब्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर रोज जे लिहिलेले असते ते वर्गात आणायचे, एवढेच काम होते. फळ्यावर ते शब्द मांडताना आपण दाखवून दिले, की 'हडपसर' या शब्दात पाच अक्षरे आहेत आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांपैकी काहीही नाही. 'मनपा'मध्ये एकच काना आहे. 'मगरपट्टा' या शब्दातली पहिली चार अक्षरे लगेच वाचता येतात आणि 'ट्टा' जोडाक्षरांच्या वेळेपर्यंत थांबू शकतो, 'कात्रज' आणि 'स्वारगेट' त्याच रांगेत मागे उभे राहतात. ह आणि ड जवळजवळ आल्याने दिसण्यात थोडा गोंधळ होईल, हे आपणच आधी सांगितले होते, पण जो शब्द मूल रोज बसच्या पाटीवर पाहते त्यात तो गोंधळ फार टिकला नाही.

या तीन शब्दांतून ह, ड, प, स, र, म, न, ग ही आठ अक्षरे आणि काना मिळाला. तेवढ्यावर 'रस', 'सरस', 'नगर', 'गरम', 'नरम' हे शब्द झाले, मग 'पान', 'हार', 'मासा', 'पहाड', 'सामान' झाले, आणि त्यानंतर आपण फळ्यावर लिहिले : 'मामा, हा नाग पहा.' मुलांनी वाचलेले ते पहिले पूर्ण वाक्य. वाचून होताच वर्गात जो आरडाओरडा झाला तो नागाला पाहून होता, वाचता आल्याचा नव्हता, आणि आपल्याला नेमके तेच हवे होते.

आपली वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने, कंठापासून ओठांपर्यंत लावलेली आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे, याबद्दल आपल्या बोलण्यात नेहमी आदरच असे. पण त्या क्रमाने शिकणाऱ्या मुलासमोर क-वर्गातले पाचवे अक्षर म्हणून 'ङ' येते, ज्यापासून सुरू होणारा एकही शब्द ते कधी बोललेले नसते. पुढे 'ञ'चीही तीच गत. पूर्ण वर्णमाला, नंतर पूर्ण बाराखडी आणि मग शब्द, अशा वाटेने जाणारे मूल कित्येक महिने काहीही अर्थपूर्ण न वाचता नुसते म्हणत राहते. वर्णमालेचा क्रम दुसरीच्या शेवटी, मुले शब्दकोश उघडू लागतील तेव्हा पाठ करून घ्यावा, असे आपण सुचवले, आणि तेव्हा तो त्यांना खरोखर उपयोगीही पडतो. घ-ध, भ-म, थ-य अशी एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे एकाच गटात न घेता काही आठवड्यांच्या अंतराने आणावीत, हीदेखील आपलीच शिकवण.

वेलांटीच्या पट्ट्यांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक विचारणा त्यांचीच होते. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना त्याच्या नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायची नुकतीच सवय लागलेले मूल 'कविता' वाचताना 'क'पुढे लगेच दिसणारी वेलांटी त्या 'क'लाच जोडते आणि 'किवता' म्हणते. हा मुलाचा निष्काळजीपणा नसून आपल्या लिपीच्या रचनेतून येणारी अडचण आहे, हे आपण मला दोन-तीन मुलांना शेजारी बसवून ऐकवले. नंतर मिठाईच्या खोक्यांची पारदर्शक झाकणे आणवून त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने एकेक चिन्ह काढले. मुलाने आधी 'व'चे कार्ड ठेवायचे, 'व' म्हणायचे, मग त्यावर वेलांटीची पट्टी ठेवायची आणि 'वि' म्हणायचे; पट्टी काढली की पुन्हा 'व'. अक्षर आधी आणि चिन्ह नंतर हा क्रम हाताच्या हालचालीतूनच बसतो. प्रत्येक पट्टीच्या पाकिटात आपण चार वाक्यांची एक चिठ्ठी ठेवायला सांगितली, म्हणजे 'वि' जमला की लगेच 'विमान निघाले' वाचायला मिळावे. बाजारातल्या तयार बाराखडीच्या चकत्या फिरवायला मुलांना आवडतात, पण चकती फिरवून झाल्यावर मूल तिथेच थांबते, हा आपला आक्षेप मला पूर्णपणे पटलेला आहे.

रफारासाठी टाळ्यांचा खेळ पुरला : शब्द तोडून म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्यायची. 'गर्दी'त रफार 'दी'वर बसतो, पण ऐकू येतो पहिल्या टाळीत, आणि 'पर्वती'त तसेच. इतर जोडाक्षरांना आपण फार वेळ दिला नाही. शब्द ओळखीचा असेल तर मूल जोडाक्षर अंदाजाने पार करते, हे आपले निरीक्षण बऱ्याच अंशी खरे ठरले.

आमच्या वर्गातली बरीच मुले बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांतली आहेत. कुणाच्या घरी कन्नड बोलतात, कुणाच्या घरी हिंदी, तर कुणाच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली. यांपैकी काही मुले अक्षरे झरझर वाचत आणि वाचलेल्याबद्दल विचारले की गप्प राहत. तेव्हा आपण फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेली कल्पना समजावून सांगितली होती : लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येणार. त्या दिवसापासून तासाचा पहिला भाग गप्पांना आणि गोष्ट वाचून दाखवण्याला राखून ठेवला आहे आणि कितीही घाई असली तरी तो कापत नाही.

त्या गप्पांतूनच आपली सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी पुस्तके तयार झाली. बँकेच्या मोठ्या दिनदर्शिकेची पाने मागून कोरी असतात. मुलाने सांगितलेले वाक्य त्याच्यासमोर, प्रत्येक शब्द उच्चारत, त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहायचे, खाली त्याने चित्र काढायचे आणि वर्षाची पाने शिवून टाकायची. 'काल आमच्या साइटवर मोठी क्रेन आली' हे वाक्य एका मुलाने सांगितले आणि नंतर ते साऱ्या वर्गाने पट्टीने एकेक शब्द दाखवत वाचले. ज्या मुलीने आईला 'याडी' म्हटले, तिचे वाक्य आपण तसेच लिहिले आणि 'आई' हा शब्द खाली लहान अक्षरांत दिला. आपलेच बोलणे कागदावर उतरते आणि परत वाचता येते, हे या मुलांना कोणत्याही छापील पुस्तकापेक्षा या पानांनी लवकर कळले. क्रेनचे पान तर इतके हाताळले गेले, की ते दोनदा चिकटवावे लागले.

लेखनाच्या बाबतीतही आपण आधी अर्थाकडे पाहायला शिकवले. दुसरीतल्या एका मुलाने 'बस आलि नाहि मनुन उशिर झाला' असे लिहून आणले, तेव्हा आपण लाल पेन बाजूला ठेवून त्याला आधी विचारले, की मग तू शाळेत कसा पोहोचलास? तो उत्तर लिहायला परत बसला. ऱ्हस्व-दीर्घ आणि 'म्हणून' नंतर दुरुस्त झाले, पण तोवर त्याने आणखी तीन ओळी लिहिल्या होत्या. एका गोष्टीत मात्र माझे मत आपल्याहून वेगळे आहे आणि ते आपल्यालाही माहीत आहे. श्रुतलेखन आपण जवळजवळ बंद करायला सांगितले होते, मी ते आठवड्यातून एकदा घेते. मुलांनीच सांगितलेली वाक्ये त्यासाठी वापरली, तर ते शिक्षेसारखे वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाचन तपासण्याची आपली पद्धत साधी होती आणि ती आम्ही तशीच ठेवली आहे. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणात मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीपर्यंत वाचता येते, हे मोठ्याने वाचायला देऊन पाहतात. आपण त्याच पायऱ्या घेतल्या, पण नोंदवहीत श्रेणी लिहिण्याऐवजी मूल नेमके कुठे अडले ते लिहायला लावले : 'ध वर अडते', 'रफार सोडते', 'वाचते पण सांगत नाही'. दुसऱ्या दिवशीचे गट त्या नोंदींवरून पडतात आणि पहिलीतले चांगले वाचणारे मूल दुसरीच्या गटात बसले तरी कोणी हरकत घेत नाही.

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे आणि दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे लक्ष्य सांगितले आहे. या आकड्यांमुळे शाळांमध्ये घड्याळे निघाली. आपण घड्याळाला विरोध केला नाही, पण मूल वाचून झाल्यावर गोष्ट आपल्या शब्दांत सांगेपर्यंत आकडा नोंदवू नये, एवढा नियम घातला. त्या उद्दिष्टात 'समजून' हा शब्द आधी आहे आणि वेग नंतर, हे आमच्या शाळासमूहाच्या शिक्षण परिषदेत आपण ज्या शांतपणे मांडले, तसे मला अजून मांडता येत नाही.

वर्गातल्या सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेली पुस्तके, 'किशोर' मासिकाचे जुने अंक, 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या मुक्त परवान्याच्या मराठी गोष्टींच्या छापील प्रती हे सारे चालू आहे. पुस्तके फाटतात आणि ती फाटू द्यावीत, असे आपण म्हणाला होतात. मुख्याध्यापकांना ते पटवायला थोडा वेळ लागला. पालकांसाठीची सूचनाही तशीच आहे : स्वतःला वाचता येत नसले तरी मुलाने आणलेली गोष्ट त्याच्याकडून ऐकायची आणि 'पुढे काय झाले?' एवढे विचारायचे. कामावरून थकून आलेल्या कित्येक आया ते करतात, हे मुलांच्या बोलण्यावरून कळते.

गुडघ्यांमुळे आता जिने चढणे आपल्याला कठीण जाते, हे ठाऊक आहे, म्हणून शाळेत येण्याचा आग्रह करत नाही. पहिलीला या वर्षी नव्या बाई रुजू झाल्या आहेत. कार्डांची पेटी मी त्यांच्या ताब्यात दिली आहे, परंतु मात्रा आणि उकारांच्या पट्ट्या कोणत्या क्रमाने काढायच्या आणि उकारांना मध्येच का थांबवायचे, हे त्यांना आपल्याकडून ऐकायचे आहे. शिवाय शेजारच्या दोन शाळांनी वाक्यांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती मागितल्या आहेत. त्या देण्यास आपली हरकत नसावी, असे गृहीत धरले आहे, तरी तसे कळवावे. येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघी आपल्या घरी आलो तर चालेल का? येताना मुलांनी या वर्षी केलेली दिनदर्शिकेची पुस्तके घेऊन येऊ, त्यांतले पावसाळ्याचे पुस्तक आपण नक्की वाचावे.

आपली कृतज्ञ,
दुसरीची वर्गशिक्षिका,
महानगरपालिका प्राथमिक शाळा, हडपसर, पुणे