लुगर घेण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही घ्यायचं म्हणताय त्या जुन्या जर्मन लुगर पिस्तुलाचे फोटो मोठे करून पाहिले. पिस्तूल देखणं आहे. पण ते कपाटात ठेवायचं की चालवायचं, हे पैसे मोजण्याआधी ठरवा. संग्रहासाठी जो नग उत्तम, तोच चालवायला सगळ्यांत महागात पडतो.

जर्मन लष्करासाठी बनलेल्या लुगरवर, म्हणजे पी-08 वर, पूर्ण नंबर असतो आणि त्याचेच शेवटचे दोन आकडे टॉगल (वरचा, गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा), बाजूची पट्टी, ट्रिगर, सेफ्टी अशा सुट्या भागांवरही ठोकलेले असतात. सगळे जुळले तर तो नग संग्राहकाचा. तसा नग चालवताना आकडा असलेला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणारा भाग) तुटला, तर नवा बसवता येतो, पण जुळणी गेली ती गेलीच. आणि जुन्या लुगरमध्ये एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) हेच आधी तुटतात.

तुमच्या फोटोत टॉगलवर 47 आहे आणि बाजूच्या पट्टीवर 12. म्हणजे भाग दोन पिस्तुलांचे. चेंबरवर, म्हणजे काडतूस बसतं त्या भागावर, 1917 साल आहे, तरी ट्रिगर आणि सेफ्टीची कळ काळीनिळी आहे. त्या काळात हे छोटे भाग तापवून गवती पिवळ्या रंगावर आणलेले असत. इथे सगळं एकाच रंगात आहे, म्हणजे नंतर कुणीतरी पुन्हा ब्लूइंग केलंय, म्हणजे लोखंडाला काळानिळा रंग चढवलाय. अक्षरांच्या कडा बोथट वाटतात आणि पिनांच्या भोकांभोवतीचं लोखंड किंचित खोलगट झालंय, ते पॉलिशच्या चाकाचं काम. विकणारा ‘एकदम नव्यासारखं’ म्हणत असेल तर तो खरंच बोलतोय, आणि नेमकी तीच अडचण आहे.

तेव्हा संग्रहाचा भाव देऊ नका. चालवण्यासाठी मात्र असाच नग शोधावा, कारण त्यात बिघडण्यासारखं ऐतिहासिक काही उरलेलं नाही. फक्त यंत्र धड हवं.

बघायला जाल तेव्हा क्रम मोडू नका: आधी मॅगझीन बाहेर, मग टॉगल मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने आणि करंगळीनेही खात्री. आधी टॉगल ओढून मग मॅगझीन काढलं, तर नवं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं. भरलेल्या लुगरचा एक्स्ट्रॅक्टर वर उचललेला दिसतो, पण बदललेल्या भागांच्या पिस्तुलात त्या खुणेवर विसंबू नका. आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत असतं: नळीसकट वरचा भाग फ्रेमवरून काढला तरी चेंबरमध्ये काडतूस असेल आणि डावीकडची सियरची (फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या भागाची) पट्टी दाबली गेली, तर गोळी सुटते.

मग नळी. मागच्या बाजूने प्रकाश टाकून पाहा. आतले पेचदार आटे झिजलेले चालतील, खड्डेही थोडे चालतील. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतून) क्षार उरायचे, ते हवेतला ओलावा ओढून नळी खात. असले क्षार पाण्याने विरघळतात, नुसत्या तेलाने नाही, म्हणून तेल लावून ठेवलेल्या नळ्याही गंजलेल्या सापडतात. पण आत कुठे आडवं काळं कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली आहे. अशा वेळी पिस्तूल परत द्या, घासाघीस करू नका.

चेंबरमध्ये डमी काडतूस घालून सेफ्टी तपासा. रिकामं चालवून जुनी फायरिंग पिन मोडते. टॉगल ओढून सोडा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. त्या क्षणी टक् आवाज झाला तर आतला भाग झिजलाय. त्यानंतर ट्रिगर दाबल्यावरच आवाज यायला हवा. आता ट्रिगर दाबलेलाच ठेवून टॉगल पुन्हा पूर्ण ओढा आणि सोडा: आवाज येता कामा नये. आला, तर हे पिस्तूल एका दाबात दोन गोळ्या सोडू शकतं.

हे जमलं तरी पहिल्या फैरीआधी गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद चेंबरमध्ये काडतुसाला किती जागा उरते ते, मोजून घ्या. स्प्रिंगा आणि मॅगझीन नवे घ्या. लुगर अडकते तेव्हा दोष बहुतेकदा मॅगझीनच्या वाकलेल्या ओठांत किंवा मऊ पडलेल्या स्प्रिंगमध्ये असतो, आणि लोक उगाच टॉगलला शिव्या घालतात. काडतूस 9×19, साधं, गोल टोकाचं, पूर्ण आवरणाचं, गोळी 8 ग्रॅमच्या आसपास. जास्त दाबाचं नको. फार सौम्यही नको, कारण टॉगल पुरता मागे गेला नाही तर काडतुसाची रिकामी खोळ मध्येच अडकते. पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच, मग दोन, मगच जास्त. प्रत्येक खोळ उचलून पाहा: बुडाशी फुगवटा, चीर किंवा प्रायमरला भोक दिसलं की तिथेच थांबा.

पुढे दुसरं काही बघितलंत तर काडतुसाच्या मापाच्या आकड्यांनी फसू नका. ‘7.65’ म्हणजे ब्राउनिंगचं 7.65×17 असू शकतं, लुगरचं 7.65×21 सुद्धा. इटलीच्या 1910 च्या ग्लिसेंटी पिस्तुलात आपलं 9×19 आरामात बसतं, पण ते पिस्तूल त्याच मापाच्या कमी ताकदीच्या काडतुसासाठी बनवलेलं आहे.

आता मुख्य प्रश्न, बाबा, तुमच्या बोटांचा. लुगरच्या टॉगलचे दोन गोल खुंटे चिमटीत धरून वर-मागे ओढावे लागतात, आणि सांधे दुखत असताना ते त्रासाचं आहे. वॉल्थर पीपी छोटं म्हणून सोपं वाटेल, तर उलट: त्यात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड (वरचा सरकणारा भाग) एकमेकांत अडकत नाहीत, सगळा धक्का स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग झेलतात, म्हणून स्प्रिंग कडक असते. पी-38 किंवा 1911 सारख्या पिस्तुलात हॅमर (मागचा घोडा) आधी अंगठ्याने मागे केला की स्लाइड बरीच हलकी ओढली जाते. पी-38 ची सेफ्टी लावली की हॅमर खाली पडतो. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या नगांवर हे भरलेल्या चेंबरवर करून पाहू नका. शिवाय या सगळ्यांची माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) बारीक आहे. चष्मा लावून, हात लांब करून ती स्पष्ट दिसते का, हे विकत घेण्याआधी बघा.

आई, घरात आलंच तर ते त्याच्या चामडी म्यानात ठेवू देऊ नकोस, म्यान कितीही छान दिसलं तरी. चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात उरतात. महिन्याभरात तपकिरी ठिपके येतात. पातळ तेलाचा हात, सिलिका जेलची पुडी, कुलपाचं कपाट; काडतुसं दुसऱ्या कुलपात.

बाबा, विकणाऱ्याकडून आणखी तीन फोटो मागवा: नळीचा आतून, ग्रिप काढून फ्रेमचा डावीकडून, आणि मॅगझीनच्या बुडाचा. ते आले की मला पाठवा, तोवर आगाऊ रक्कम देऊ नका.

तुमची,
लेक