‘फितूर’ साक्षीदार आणि दुर्लक्षित सरतपासणी

महोदय,

खुनाच्या किंवा गंभीर मारहाणीच्या खटल्यातून आरोपी सुटले की ‘साक्षीदार फितूर झाल्याने निर्दोष मुक्तता’ अशी बातमी आपल्यासह बहुतेक दैनिकांत येते. दबाव, पैसा आणि भाऊबंदकी यांमुळे साक्षीदार फिरतात, हे जिल्हा न्यायालयात सरकारी वकिली केलेल्या माझ्यासारख्याने नाकारण्याचे कारण नाही. २००२ च्या गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्याची फेरसुनावणी गुजरातबाहेर, महाराष्ट्रात घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला, तो याच पार्श्वभूमीवर. तथापि फितूर ठरवलेला प्रत्येक साक्षीदार विकला गेलेला असतो असे नाही. अनेकदा त्याला साक्षीला बोलावणाऱ्या वकिलाने प्रश्नच धड विचारलेले नसतात.

उलटतपासणीचे कौतुक सगळ्यांना असते, चित्रपटांनी तर तिला डोक्यावरच घेतले आहे. आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या वकिलानेच आधी केलेली विचारपूस, मात्र कनिष्ठ वकिलावर सोपवण्याचे किरकोळ काम समजले जाते. वास्तविक तेच अधिक अवघड, कारण उत्तर सुचवणारा प्रश्न तिथे विचारता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये कायम आहे. प्रास्ताविक, निर्विवाद किंवा पुरेशा सिद्ध झालेल्या गोष्टींपुरती त्यात सवलत आहे. महत्त्वाच्या मुद्द्यांवर सरकारी वकिलाने सूचक प्रश्न विचारणे हा आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्कावर आघात आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने वर्की जोसेफ विरुद्ध केरळ राज्य या १९९३ च्या निकालात बजावले होते.

जप्ती किंवा पंचनाम्याच्या वेळी हजर असलेल्या पंच साक्षीदाराचेच पाहा. ‘पोलिसांनी तुमच्यासमोर आरोपीच्या घरातून रक्ताने माखलेला कोयता जप्त केला, बरोबर?’ असे विचारले की बचाव पक्ष हरकत घेतो आणि हरकत घेतली नाही तरी मिळालेल्या ‘हो’ला वजन राहत नाही. त्याऐवजी त्या सकाळी तुम्हाला कोणी बोलावले, कुठे नेले, आत कोण गेले, कुठून काय बाहेर काढले, मग त्या वस्तूचे काय केले, अशा लहान प्रश्नांनी पंच स्वतःच्या शब्दांत हकिकत सांगतो. त्यानंतर मुद्देमालाचे पाकीट उघडून वस्तू दाखवायची आणि लेबलवरची सही कोणाची, हे विचारायचे. ही पायरी गाळून थेट कोयता पुढे केल्यामुळे डगमगलेले पंच मी पाहिले आहेत. चार-पाच वर्षांनी एखादा कोयता समोर आल्यावर शेतकरी माणूस ‘असाच होता’ म्हणतो, ‘हाच होता’ म्हणत नाही, आणि तेवढ्यावर त्याला फितूर घोषित करण्याची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी मागितली जाते.

आपल्याकडे साक्ष बहुधा कथनरूपाने नोंदवली जाते, म्हणजे प्रश्न कागदावर राहत नाही आणि उत्तर तेवढे उरते. जखमी बाईने ‘इथं मारलं’ म्हणत मनगट दाखवले, तर ‘उजव्या मनगटावर की डाव्या?’ असे वकिलाने तिथल्या तिथे विचारून घेतले नाही, तर अपिलात त्या ‘इथं’ला काहीच अर्थ उरत नाही. तसेच, जबाब दोन दिवस उशिरा का दिला, हे आपणच सरतपासणीत विचारावे. प्रत्यक्षदर्शी मृताचा चुलतभाऊ असेल, तर तेही लपवू नये, कारण तीच गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की लपवाछपवीसारखी दिसते.

यासाठी साक्षीदाराला आधी भेटावे लागते, आणि इथेच आमची मंडळी बिचकतात. पोलीस जबाब व्हरांड्यात वाचून तोंडपाठ करून घेणे गैरच आहे. परंतु न्यायालयात काय घडते, ‘आठवत नाही’ हेही प्रामाणिक उत्तर असू शकते, प्रश्न कळला नाही तर तसे सांगता येते, एवढे समजावणे म्हणजे पढवणे नव्हे. पुकारा होण्याआधी दहा मिनिटेसुद्धा न भेटलेला वकील त्या माणसाकडून सुसंगत हकिकत कशी काढणार?

दिवाणी दाव्यांची अवस्था निराळी आहे. तिथे २००२ च्या दुरुस्तीपासून सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर दाखल होते. ती वकिलाच्या भाषेत, एकाच छापाची असते आणि वाटपाच्या दाव्यातील वृद्ध वादीला आपल्याच सातव्या परिच्छेदात काय लिहिले आहे, ते उलटतपासणीतच समजते.

सरकारी वकिलांच्या प्रशिक्षणात सरतपासणीचा प्रत्यक्ष सराव असावा आणि प्रत्येक न्यायालयात साक्षीदाराशी शांतपणे बोलता येईल अशी एक खोली असावी, या मागण्या शासनाने विचारात घ्याव्यात. आपल्या वार्ताहरांनाही विनंती की, ‘फितूर’ हा शब्द छापण्यापूर्वी त्यांनी निकालपत्रात त्या साक्षीविषयी न्यायाधीशांनी नेमके काय नोंदवले आहे ते वाचावे. फितूर ठरवलेल्या साक्षीदाराच्या साक्षीतील विश्वासार्ह भाग न्यायालय ग्राह्य धरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या सतपाल निकालापासून प्रस्थापित आहे, मात्र बातमीत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सरकारी वकील, सातारा