मिल्या, कोच कोण?

मुंबई, २८ जुलै २०२५

प्रिय मिल्या,

आपल्या फुटबॉल संघाचा नवा कोच कोण, हे फोनवर बोलायला गेलो तर तू दुसऱ्या वाक्याला कॉन्स्टन्टाईन काढशील आणि माझं राहून जाईल. म्हणून लिहितोय. आम्ही सगळे बरे आहोत, आईची साखर ताब्यात आहे.

बुधवारी फुटबॉल महासंघाच्या तांत्रिक समितीनं कोचसाठी तीन नावं पुढे केली. आपला खालिद जमील, आधीही भारताचा कोच राहिलेला तुझा कॉन्स्टन्टाईन आणि स्लोव्हाकियाचा तारकोविच. १७० अर्जांतून तीन. शनिवारी बंड्याकडे जमलो होतो, दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. पक्या तारकोविचच्या बाजूनं: युरोला पोलंडला हरवलेला माणूस आहे, आशियाही माहीत आहे, किर्गिझस्तानला आशिया चषक खेळवलाय. ठीक, त्यात तथ्य आहे. (तो आदल्या दिवसापर्यंत बार्सिलोनाच्या झावीचं नाव घेऊन नाचत होता. झावीच्या अर्जाचा ईमेलच खोटा निघाला तेव्हा त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास.) पण मग बंड्या बोलला. आपला बंड्या. म्हणाला, "खालिद? त्याला कूपरेजच्या मैदानावर बघितलंय की आपण. मागे दहा जण उभे करायचे आणि पुढे लांब बॉल. त्यापेक्षा कुठलाही गोरा परवडला."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, मिल्या. पण हा आपल्याशेजारी त्या रिकाम्या स्टँडात बसलेला माणूस! हातात पैसा नाही, मोठं नाव नाही, तरी खालिद कोच होता तोवर मुंबई एफसी खालच्या लीगमध्ये एकदाही उतरली नाही. सात वर्षं. २०१६ ला त्याला दूर केलं आणि पुढच्याच मोसमात संघ तळाला जाऊन संपला. त्याच मोसमात खालिदनं मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग, तेव्हाची देशातली मुख्य लीग, जिंकून दिली. ३७ गुण, मोहन बागान ३६. ज्या ऐझॉलची खरं तर आदल्या वर्षी घसरण झाली होती आणि गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून ज्यांना परत घेतलं, ते ऐझॉल! आशुतोष मेहता, जयेश राणे, आपण मुंबईत बघितलेली पोरं होती त्या संघात. शिलाँगचा तो शेवटचा सामना सुटल्यावर तू मला काय म्हणाला होतास आठवतंय? "हा एक दिवस इंडियाचा कोच होणार." तू म्हणाला होतास, मी नाही. आता तू कॉन्स्टन्टाईनवाला झालास.

मला तुझं म्हणणं कळतं. तो दुसऱ्यांदा आला तेव्हा आपण फिफा क्रमवारीत १७० च्याही खाली होतो आणि त्यानं ९६ पर्यंत नेलं. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ मारलं ते त्याच्याच हाताखाली. पण पुढच्या फेरीसाठी बहरीनविरुद्ध एक बरोबरी पुरे होती, आणि आपण नव्वद मिनिटं नुसते मागे सरकत बसलो, शेवटी पेनल्टी. बंड्याला लांब बॉलचा राग असेल तर तो कॉन्स्टन्टाईनवरही हवा ना? त्या रात्रीनंतर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, कारण मी म्हटलं होतं की बचाव करून बरोबरी मागायला गेलं की असंच होतं. माझं मत आजही तेच आहे. आणि झाला की तो दोनदा. तिसऱ्यांदा कशाला?

खरी गोष्ट आता सांगतो. खालिदला नाही घेतलं तर मला वाईट वाटेल, पण घेतलं तर मला भीती वाटते. शनिवारपासून हेच डोक्यात आहे आणि इथे कुणाला सांगता येत नाही. सांगितलं की म्हणतात, मग तुला हवंय तरी काय?

तू परिस्थिती बघ. आधीचा कोच मानोलो गोव्याचा संघही सांभाळत होता आणि आपलाही, आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. आशिया चषकाच्या पात्रतेत बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून हार. दोन सामन्यांत एक गुण, आणि गटातून जाणार एकच. क्रमवारीत १३३. आयएसएल, आपली मुख्य लीग, अडकून पडलंय, म्हणजे खेळाडू सामन्यांविना बसलेत. ऑक्टोबरात सिंगापूरशी सामना. आणि गोल करायला कोण? छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, कारण प्रत्येक क्लबात पुढे परदेशी उभा असतो आणि आपली पोरं विंगवर नाहीतर बाकावर. हे कुठला कोच दोन महिन्यांत बदलणार? तारकोविच नाही, खालिद नाही, देवसुद्धा नाही.

परदेशी हरला तर तो सामान बांधून जातो, पुढचा परदेशी येतो. मानोलोच्या आधीच्या स्टिमॅचच्या संघानं आशिया चषकात तीन सामन्यांत एक गोल केला नाही, म्हणून कुणी म्हटलं का की क्रोएशियाचे कोच नकोत? पण आपल्याच सावियो मदेराचं आठव. २०११ ला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धा, जिंकून दिली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-०. मग काठमांडूला चॅलेंज कपमध्ये तीन सामने हरलो, आणि तेव्हापासून तेरा वर्षं एकही कायमचा भारतीय कोच नाही. एका स्पर्धेनं सगळ्यांचं दार लागलं. रहीमसाहेबांसारखा कोच झालेल्या देशात! खालिद सिंगापूरकडून हरला तर बंड्यासारखे हजारो लोक म्हणतील, बघा, सांगितलं होतं. आणि मग पुढची दहा वर्षं कुणी भारतीय नाव यादीतसुद्धा घालणार नाही. त्याला घेताना "स्वस्तात पडतो" हे कारण कुणाच्या मनात असेल तर ते मला सगळ्यात जास्त खुपतं. आयएसएलमध्ये नॉर्थईस्टला मध्येच हातात मिळालेला संघ त्यानं उपांत्य फेरीत नेला, लीगमध्ये एक सामना न हरता. पुढच्या वर्षी तोच संघ दहावा आला, तेही मान्य. यंदा जमशेदपूरला सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत. दोन वर्षं सलग सर्वोत्तम कोच. हे त्यानं कमावलंय.

तरी मी त्याच्याच बाजूनं आहे. फक्त त्याला दोन वर्षं द्यावीत, पात्रता गेली तरी. बंड्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दोन वर्षं हरायची परवानगी?" मी उठून आलो. वहिनी जेवायला थांबवत होत्या, थांबलो नाही. त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. तू त्याच्याशी बोल. तुझं ऐकतो तो.

काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी? नव्या घराचं काय झालं, ताबा मिळाला का? ओवी अजून गोलकीपरच खेळते ना? तिला पुढे खेळव रे, या देशाला स्ट्रायकर हवेत.

शुक्रवारी ठरणार म्हणतात. तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस आणि का, ते नीट लिही. रँकिंगचे आकडे फेकू नकोस, ते मला पाठ आहेत. शिलाँगच्या दिवशी जे म्हणाला होतास ते आता का मागे घेतोस, तेवढंच सांग.

तुझा,
संद्या

ता. क. कॉन्स्टन्टाईन झाला तर पहिला फोन मीच करीन. शिव्या खायची तयारी ठेव.