तांब्याच्या केबलची मर्यादा आणि मीडिया कन्व्हर्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनेक गृहसंकुलांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत एका इमारतीतील इथरनेट (संगणकांना केबलने जोडणारे जाळे) दुसऱ्या इमारतीत नेताना तांब्याची केबल बिनदिक्कत दीडशे-दोनशे मीटर ओढली जाते, आणि मग जोडणी अधूनमधून तुटू लागली की दोष नेटवर्क स्विचच्या (अनेक संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्राच्या) माथी मारला जातो. या केबलची प्रमाणित मर्यादा 100 मीटर आहे. त्यापुढे फायबर (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूची केबल) टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवल्यास जुने स्विच न बदलताही काम भागते, कारण हे छोटे यंत्र विद्युत संकेतांचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विद्युत संकेतांत रूपांतर करते. शिवाय काचेच्या तंतूतून वीज वाहत नसल्याने वळवाच्या विजांचा धक्का त्या मार्गाने पुढच्या इमारतीतील उपकरणांपर्यंत पोहोचत नाही. (केबलला धातूचे कवच असेल, तर अर्थिंग मात्र हवेच.)

खरेदीत मात्र घोळ होतात. सिंगल मोड (अतिबारीक गाभ्याच्या) फायबरसाठी सिंगल मोडचाच कन्व्हर्टर लागतो, फायबरच्या बाजूचा वेग दोन्हीकडे सारखा असावा लागतो, आणि एकाच तंतूवर चालणाऱ्या जोडीत दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या तरंगलांबीवर प्रकाश पाठवणारी असावी लागतात, उदाहरणार्थ एक 1310 नॅनोमीटरवर, तर दुसरे 1550 वर. तिथे हुबेहूब सारखी दोन यंत्रे बसवली, तर जोडणी होणारच नाही. संस्थांनी निविदेत नुसते ‘कन्व्हर्टर, 2 नग’ असे न लिहिता हा तपशील नमूद करावा, तसेच फायबर तुटल्यास तांब्याची बाजूही आपोआप बंद करून बिघाड लगेच दाखवणारी सुविधा मागावी.

आपला,
एक वाचक, सातारा