उद्याचा प्रवास : नॅक्सॉस ते अथेन्स

मंडळी, उद्या आपली बोट सकाळी ९:३० ला आहे. वाटेत पारोस बेटाला थांबून ती दुपारी तीनच्या सुमारास अथेन्सच्या पिरेयस बंदरात पोहोचेल. सर्वांनी ८:३० ला धक्क्यावर हजर राहावे.

बोट धक्क्याला काही मिनिटंच टेकते. मागचा रॅम्प खाली आला की ट्रक, गाड्या, माणसं सगळं एकदमच आत शिरतं. उशिरा येणाऱ्यासाठी ती थांबत नाही, म्हणून वेळ खरंच पाळा.

- तिकीट आणि मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा.
- मोठ्या बॅगा खाली, ‘पिरेयस’ लिहिलेल्या रॅकवरच ठेवा. बोट सुटल्यावर तो मजला बंद होतो. औषधं, पाणी, स्वेटर वर घेऊन या.
- सध्या मेल्टेमी (उन्हाळ्यात इथल्या समुद्रावर उत्तरेकडून वाहणारा जोरदार वारा) सुरू आहे. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. वारा फारच वाढला तर बंदर अधिकारी बोटी रोखतात, त्यामुळे सकाळी निघण्यापूर्वी ग्रुपवरचा निरोप बघा.

गुडघेदुखी असलेल्या काका-काकूंच्या बॅगा तरुणांनी उचलायच्या आहेत. त्यांना सांगावं लागू नये.

पिरेयसहून मेट्रोच्या हिरव्या लाइनने अथेन्सच्या मध्यभागातल्या मोनास्तिराकी स्टेशनला जायचं आहे. गर्दीत पाकीटमार असतात, पाठीवरची सॅक पुढे घ्या.