गुडघे दुखतात? मग पाणी कुठलं, तेही विचारा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला गुडघेदुखीवरचा लेख वाचला. वजन, वय, जिने, व्यायाम, सगळं आलं. पाणी तेवढं राहिलं. आमच्या केळापूर तालुक्यात जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड हा क्षार जास्त असतो, तो हाडांत साठतो. इथल्या माणसाला ते खटकणारच.

लग्न होऊन पंचविशीत मी या गावात आले. शाळेत शिकवलं आणि तीस वर्षं एकाच हापशीचं पाणी प्याले. तेही उकळून, मोठ्या शहाणपणानं! उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं, हे कुठं ठाऊक होतं? पन्नाशीत उकिडवं बसणं सुटलं, पोळपाट ओट्यावर गेला, मग मानही वळेना. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो पाहून ‘वयाची झीज’ सांगितली. आठ वर्षं मी झिजेच्याच गोळ्या खाल्ल्या.

पुढे नागपुरात एका डॉक्टरांनी आधी पाणी विचारलं, लघवीतलं फ्लोराइड तपासलं आणि कोपराखालच्या हाताचा एक्स-रे काढायला लावला. तिथं दोन हाडांमधल्या पडद्यावर चुना धरल्यासारखा पांढरा थर होता. फ्लोरोसिसची, म्हणजे जादा फ्लोराइडनं हाडं-दात बिघडवणाऱ्या आजाराची, ती ठळक खूण. नुसत्या गुडघ्याच्या फोटोत हा आजार साध्या झिजेसारखाच दिसू शकतो.

माझे दात पांढरे, म्हणूनही कुणाला शंका आली नसावी. पण दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, असं पाणी पोटात गेलं तरच डाग पडतात. मी तर मोठी होऊन आले. वर्गातल्या पोरांच्या दातांवर मात्र तपकिरी पट्टे असायचे. ‘तंबाखूचा खर्रा खातोस काय रे?’ म्हणून मी त्यांना झापायची. त्यातली काही आज स्वतःची पोरं शाळेत सोडायला येतात. माझ्याशी बोलताना अजून ओठ मिटून हसतात.

प्रत्येक गुडघा फ्लोराइडनंच दुखतो असं मी म्हणत नाही. पण पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरं पाणीच नसेल तर १.५. ती आमच्या हापशीनं ओलांडल्याचं तपासणीत निघालं होतं. तेव्हा ‘हे पाणी पिऊ नका’ म्हणून तिला लाल रंगही मारला होता. दोन पावसाळ्यांत तो उडाला. गावातलं पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र बंद पडलंय, बाया पुन्हा तिथंच पाण्याचे गुंड भरतात. निदान रंग तरी परत मारा.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. केळापूर, जि. यवतमाळ